उजवे मनगट, डावा हात

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात होरेस पिपिन या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराचे एक चित्र आहे. लांबून पाहिले तर भिंतीवर काळपट-करड्या रंगाचा एक चौकोन टांगला आहे, एवढेच वाटते. जवळ गेल्यावर त्या करडेपणातून एकेक गोष्ट वर येऊ लागते. काटेरी तारांची जाळी दिसते, खंदकांतून हात वर करून बाहेर येणारे जर्मन सैनिक दिसतात, आभाळातून तिरपे कोसळणारे पेटलेले विमान दिसते. चित्राला लाकडाची जाड चौकट आहे आणि तिच्यावर लाकडातच कोरलेले हातबाँब, रणगाडे, बंदुका आणि शिरस्त्राणे बसवलेली आहेत. चित्राचे नाव मराठीत सांगायचे तर 'युद्धाचा शेवट : घरी निघताना'. मी ते पाहत उभी असताना एक वयस्कर जोडपे शेजारी येऊन थांबले. बाईंनी चष्मा काढून, मान पुढे करून रंगाचे उंचवटे निरखले आणि अगदी मायेच्या सुरात नवऱ्याला म्हणाल्या, "बिचाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं ना, म्हणून रंग एवढा थापलाय." नवऱ्याने मान डोलावली आणि दोघे पुढच्या दालनात गेले. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तरीही ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले आणि बरेच दिवस मुक्कामाला राहिले.

त्यातली माहिती चुकीची नव्हती. पिपिन कोणत्याही कलाशाळेत गेले नव्हते. मला खटकला तो 'म्हणून'. एवढ्या चटकन कारण सापडले की मग पाहायचे काही उरत नाही. आमच्या शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेताना चित्रकलेचे सर बजावत असत, की एकदा लावलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, कागद रडतो. ती शिस्त जलरंगाची होती आणि तिथे ती योग्यच होती. पण आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात ती चांगल्या चित्राची व्याख्या होऊन बसली. पातळ, स्वच्छ, एका दमात उतरलेले असेल ते शिकलेल्या हाताचे आणि जाड असेल ते अडाण्याचे. पिपिन यांच्या त्या एका चित्राला तीन वर्षे लागली आणि त्यावर रंगाचे जवळजवळ शंभर थर चढले, असे सांगतात. न शिकल्यामुळे एखाद्याच्या हातून दहा थर जास्त पडतील. शंभर पडत नाहीत. शंभर थर घालणाऱ्या माणसाला काहीतरी हवे असते आणि ते मिळाल्याशिवाय तो थांबायला तयार नसतो.

त्यासाठी आधी त्यांचा हात समजून घ्यावा लागतो.

पहिल्या महायुद्धात पिपिन ३६९ व्या पायदळ पलटणीत कॉर्पोरल होते. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय सैनिकांची ही पलटण पुढे हार्लेम हेलफायटर्स या नावाने प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या सैन्याला त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढायचे नव्हते, म्हणून त्यांना फ्रेंच सेनेच्या हवाली करण्यात आले. फ्रेंच शिरस्त्राणे घालून, फ्रेंच बंदुका हाती घेऊन ते लढले. १९१८ च्या शरद ऋतूत, युद्ध संपायला काही आठवडे उरलेले असताना, एका लपलेल्या जर्मन नेमबाजाची गोळी पिपिन यांच्या उजव्या खांद्यात घुसली. ते तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात कोसळले आणि तिथेच पडून राहिले. या प्रसंगाची हकीकत त्यांनी पुढे स्वतःच वह्यांमध्ये लिहून ठेवली आहे. तिच्यात शब्दांचे लेखन कानाला ऐकू येते तसे आहे, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत आणि शोक तर मुळीच नाही. एक फ्रेंच सैनिक खड्ड्याच्या कडेला आला, काही बोलणार इतक्यात गोळी त्याच्या डोक्यातून गेली आणि तो पिपिन यांच्या अंगावर पडला. त्याला बाजूला ढकलण्याइतके बळ त्यांच्यात नव्हते. त्याच्याजवळचे पाणी आणि पाव मिळाला याचा आनंद झाला, असे ते लिहितात. डाव्या हाताने, मोठ्या खटपटीने, त्याच्याकडची कॉफीही काढून घेतली, असेही लिहितात. नंतर पाऊस सुरू झाला, खड्ड्यात पाणी साचू लागले आणि मृत सोबत्याखालची घोंगडी काही ओढून काढता येईना. हे सगळे एका संथ, सपाट ओळीत येते. युद्धावरचे पुष्कळ लेखन मी वाचले आहे. मेलेल्या माणसाच्या कॉफीबद्दल इतक्या निर्मळपणे कृतज्ञ असलेला माणूस मला त्यात भेटला नव्हता.

खांद्यात पोलादी पट्टी बसवून ते १९१९ मध्ये घरी आले. उजवा हात खांद्याच्या वर उचलता येत नव्हता. महिन्याला साडेबावीस डॉलर निवृत्तिवेतन मिळू लागले. पुढच्या वर्षी त्यांनी जेनी ओरा या विधवा स्त्रीशी लग्न केले आणि पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर या आपल्या जन्मगावी बिऱ्हाड थाटले. जेनी लोकांचे कपडे धुऊन देत असत. धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे घरोघर पोचवायला पिपिनही मदत करत. युद्धाआधी त्यांनी कोळशाच्या वखारीत, दाणागोट्याच्या दुकानात काम केले होते, न्यूयॉर्क राज्यातल्या गोशेन गावातल्या हॉटेलात हमाली केली होती, लोखंड ओतणाऱ्या कारखान्यात घाम गाळला होता. यांतले कोणतेही काम आता त्यांच्या हाताला झेपण्यासारखे नव्हते. युद्धाआधीच न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरातल्या एका गोदामात त्यांच्याकडे सामान बांधण्याचेही काम होते आणि त्या सामानात बऱ्याचदा लोकांची तैलचित्रे असत. ती खोक्यात बंद करण्यापूर्वी डोळे भरून पाहून घ्यायला आपल्याला आवडे, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. चित्रांना खिळे ठोकून बंद करण्याची ही हमाली हाच त्यांचा एका परीने पहिला प्रेक्षकपणा. कुणी शिकवले नव्हते हे खरे. पण डोळ्यांना कुणी बांधून ठेवले नव्हते.

लहानपणी तर चित्र काढण्याबद्दल शिक्षाच होत असे. गोशेनच्या शाळेत शब्दांचे स्पेलिंग लिहायला सांगितले, की हा मुलगा कुत्रा हा शब्द लिहून पुढे कुत्रा काढायचा, शेगडी लिहून पुढे शेगडी काढायची. मग शाळा सुटल्यावर थांबून धडा नीट लिहायचा आणि उशिरा घरी आल्याबद्दल तिथे वेगळा मार खायचा. मासिकातल्या जाहिरातीत एका गमतीदार चेहऱ्याचे चित्र पाहून तसे काढायची स्पर्धा होती. त्याने काढलेल्या चित्राला बक्षीस म्हणून खडू, रंगांची पेटी आणि दोन ब्रश मिळाले. त्या रंगीत खडूंनी त्याने केलेले पहिले मोठे काम मला फार आवडते. मलमलीचा वारभर तुकडा आणून त्याचे सहा रुमाल केले, कडांना झालरीसारखे दोरे सोडले आणि प्रत्येकावर बायबलमधला एकेक प्रसंग रंगवला. चर्चच्या रविवारच्या शाळेच्या जत्रेत ते रुमाल विकले गेले. काही दिवसांनी एक गिऱ्हाईक बाई तक्रार घेऊन आल्या, की हा कसला रुमाल विकलास, धुतला तर नुसते कोरे कापड हातात आले.

पहिल्याच गिऱ्हाइकाने शिकवलेला धडा असा होता.

परत वेस्ट चेस्टरकडे वळायचे, तर युद्धानंतर कित्येक वर्षे पिपिन यांनी रंगाला हात लावला नाही. हात चालता राहावा म्हणून सिगारच्या रिकाम्या खोक्यांवर नक्षी करत बसत. मग १९२५ च्या हिवाळ्यात, त्यांच्याच सांगण्यानुसार, घरातल्या एका ओकच्या टेबलाची जास्तीची फळी आणि शेगडीत तापून पांढरी झालेली निखारे ढोसण्याची सळई त्यांच्या एकदमच नजरेस आली. उजव्या हाताला सळई नुसती धरता येत होती, फिरवता येत नव्हती. तेव्हा त्यांनी सळई उजव्या हातात घट्ट धरून गुडघ्याच्या आधाराने स्थिर ठेवली आणि डाव्या हाताने ती फळीच तिच्यावर फिरवली. चित्र काढताना हात हलतो आणि पृष्ठभाग जागच्या जागी राहतो, ही गोष्ट आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिचा आपण विचारही करत नाही. इथे ती उलटी झाली. जळक्या रेषेतून त्या फळीवर बर्फात वाट चुकलेली एक घोडागाडी उमटली. सळई थंड झाली की पुन्हा शेगडीत, मग पुन्हा दोनचार बोटे रेघ. लाकूड जाळणारी रेष खोडता येत नाही आणि धुऊनही जात नाही. मलमलीच्या रुमालाची आठवण त्या क्षणी त्यांना झाली असेलच असे नाही, मला मात्र झाल्यावाचून राहत नाही. अशा काही फळ्या जाळता जाळता हातात जोर येऊ लागला आणि मग ते तैलरंगाकडे वळले. ब्रश उजव्या हातातच धरायचा आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून त्याला हवे तिकडे न्यायचे. शेवटपर्यंत ते असेच रंगवत राहिले.

आता त्या शंभर थरांकडे पुन्हा पाहावे. ज्याचा हात मोकळा झोकून देता येत नाही, त्याला एका फटकाऱ्यात आभाळ काढता येणार नाही, तो ते थोडे थोडे करूनच भरणार, हे तर उघड आहे. पण जमत नाही म्हणून थर, एवढ्यावर मी थांबू शकत नाही. त्याच चित्रकाराच्या बर्फाच्या चित्रांत, रात्री रुग्णाकडे निघालेल्या खेड्यातल्या डॉक्टरच्या चित्रात किंवा शिकार तोंडात धरून पळणाऱ्या कोल्ह्याच्या चित्रात, पांढरा आणि काळा रंग अशा नेमक्या जागी येऊन थांबतो की एक ब्रशही वाया गेल्यासारखा वाटत नाही. कुठे थांबायचे हे त्यांना कळत होते. युद्धाच्या चित्रातच ते तीन वर्षे थांबले नाहीत. खंदकांत असताना त्यांनी पुष्कळ रेखाटने केली होती, ती बहुतेक जाळून टाकावी लागली. मोजकी तेवढी वहीत राहिली. दुःख मला विसरता येत नाही आणि सूर्यास्तही विसरता येणार नाही, ते सगळे मनात घेऊनच मी घरी आलो, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. त्या चित्राचे आभाळ मी शक्य तितक्या जवळून पाहिले. तिथे करड्याखाली तपकिरी, तपकिरीखाली हिरवट, त्याखाली आणखी काही असावे असे वाटते आणि सूर्यास्त कुठेच नाही. एखादी आठवण पुरेशी खरी उतरली नाही म्हणून झाकून टाकायची, वर तीच पुन्हा काढायची, पुन्हा झाकायची, असे करत गेल्यासारखा तो पृष्ठभाग आहे. चौकटीवरच्या कोरीव बंदुकांचे तेच आहे. रंगवून भागेना, तेव्हा लाकडातच शस्त्रे घडवून बसवली. नावात घरी निघणे आहे, पण चित्रात कुणी घरी निघालेले दिसत नाही.

पुढची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण कलाजगताला ती स्वतःच फार आवडते. १९३७ मध्ये त्यांची चित्रे वेस्ट चेस्टरच्या आसपासच्या कलारसिकांच्या नजरेस पडली. चांभाराच्या दुकानाच्या काचेमागे ठेवलेल्या चित्रामुळे हा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने लोकचित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांची चार चित्रे लावली. १९४० मध्ये फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कार्लेन यांच्या दालनात मोठे प्रदर्शन झाले आणि अल्बर्ट बार्न्स यांच्यासारख्या दबदबा असलेल्या संग्राहकाने त्यांची तोंड भरून स्तुती केली. हॉलिवूडच्या नटांनी चित्रे विकत घेतली. बार्न्स यांच्या संस्थेतल्या वर्गांना पिपिन काही काळ जाऊन बसले. फार टिकले नाहीत. त्यांचे कौतुक करणाऱ्यांना त्यांच्यात एक निरागस, अस्पर्श माणूस हवा होता आणि त्याच वेळी त्याला थोडे शिकवावे अशी इच्छाही होती. या दोन्ही इच्छा एकाच घरात कशा नांदत असतील, याचे मला नवल वाटते. पन्नाशी गाठलेला, युद्ध पाहिलेला, गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेत पुढारपण करणारा गृहस्थ निरागस कसा असेल?

प्रसिद्धीनंतरच्या चित्रांत मला सर्वांत जास्त ओढ लावतात ती त्यांची घरे. 'डॉमिनो खेळणारे' या १९४३ च्या चित्रात स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती डाव रंगला आहे, एक लहान मुलगा कंटाळल्यासारखा बसला आहे आणि एक बाई बाजूला गोधडीसाठी कापड शिवते आहे. भिंतीचा गिलावा पडून आतल्या पट्ट्या दिसतात. गरिबी आहे, पण तिचे प्रदर्शन नाही. पडलेला गिलावा कंदिलाइतक्याच लक्षपूर्वक रंगवला आहे. याच्या दुसऱ्या टोकाला १९४५ च्या सुमाराची जुन्या श्रीमंती दिवाणखान्यांची चित्रे आहेत. तिथे माणूस नाही. खुर्च्या आहेत, फुलदाण्या आहेत आणि खुर्च्यांच्या पाठींवर, टेबलांवर विणलेल्या पांढऱ्या जाळीचे रुमाल आहेत. आपल्याकडे रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घालण्याची पद्धत होती, तसेच. हे रुमाल त्यांनी असे रंगवले आहेत, की पांढरा रंग दोऱ्यासारखा कॅनव्हासवर उभा राहतो, त्याची वीण बोटाला लागेल असे वाटते. घरात बायको दुसऱ्यांच्या घरचे रुमाल धुते, नवरा ते पोचवायला जातो, दारातून दिवाणखाना दिसत असेल तेवढा पाहतो आणि घरी येऊन ते रुमाल पुन्हा विणतो, जाड तैलरंगात, कितीही धुतले तरी न जाणारे. हा माझा तर्क आहे, पण तो मला सोडवत नाही.

याच वर्षांत त्यांची चित्रे अधिकाधिक धीट होत गेली. गुलामीविरुद्ध शस्त्र उचलल्याबद्दल १८५९ मध्ये फाशी गेलेल्या जॉन ब्राउन यांच्यावर त्यांनी १९४२ मध्ये चित्रे काढली. ती फाशी त्यांच्या घरातल्या एका स्त्रीने स्वतः पाहिली होती, अशी कथा घरात सांगत आले होते. फाशीकडे नेणाऱ्या गाडीभोवती गोऱ्या लोकांची गर्दी आहे आणि उजव्या कोपऱ्यात एक कृष्णवर्णीय स्त्री गाडीकडे पाठ करून थेट आपल्याकडे पाहते. साक्षीदाराने प्रसंगाकडे पाठ करावी आणि प्रेक्षकाला नजरेत धरावे, ही रचना ज्याला सुचली त्याच्याविषयी 'कुणी शिकवलं नव्हतं' असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९४३ मध्ये 'मिस्टर प्रेज्युडिस' आले. विजयाच्या इंग्रजी व्ही अक्षरात एक गोरा माणूस पाचर ठोकतो आहे, एकीकडे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आहे, दुसरीकडे डोक्यावर पांढरी टोपी चढवलेला कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा माणूस आणि फासाचा दोर. खाली काळे सैनिक आणि गोरे सैनिक वेगवेगळे उभे आहेत. त्यांच्यात पहिल्या युद्धाच्या गणवेशातले एक जण स्वतः पिपिन आहेत आणि त्यांचा उजवा हात लुळा लोंबतो आहे. ज्या हाताने तो लोंबणारा हात रंगवला तो तोच.

१९४४ मध्ये जेनी मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल झाल्या. त्यानंतर घरात ते एकटे होते, दारू वाढली होती आणि चित्रेही वाढली होती. याच काळात त्यांनी 'पवित्र पर्वत' ही मालिका केली, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या वचनावरून, लांडगा कोकराशेजारी राहील आणि लहान मूल त्यांना हाकत नेईल या वचनावरून. पेनसिल्व्हेनियाच्याच एडवर्ड हिक्स नावाच्या क्वेकर चित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी हाच विषय पुन्हा पुन्हा रंगवला होता. पिपिन यांच्या चित्रात सिंह, बैल, कोकरू, मुले आणि मेंढपाळ उजेडात आहेत आणि मागच्या दाट झाडीत, अगदी बारीक, सैनिक आहेत, थडग्यांचे क्रूस आहेत, झाडाला टांगलेला माणूस आहे. या भुतासारख्या आठवणींशिवाय आजचे चित्र पुरे होणार नाही, असे त्यांनी पत्रात स्पष्ट केले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत काय चालले आहे याचाही त्यात उल्लेख आहे आणि तरीही शांतता येईल अशी खात्रीही आहे. चित्रांवर त्यांनी तारखा घातल्या. पहिल्यावर ६ जून १९४४, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तो दिवस. दुसऱ्यावर ७ डिसेंबर, पर्ल हार्बरचा दिवस. तिसऱ्यावर ९ ऑगस्ट १९४५, नागासाकीचा दिवस. चौथे अपुरे राहिले. ६ जुलै १९४६ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पक्षाघाताने ते गेले आणि थोड्याच दिवसांत रुग्णालयात जेनीही गेल्या. मागे साधारण एकशे चाळीस चित्रे राहिली.

विल्मिंग्टनचे चित्रकार एडवर्ड लोपर यांनी एक आठवण सांगितली आहे. तेही कृष्णवर्णीय, तेही स्वतःच्या बळावर चित्रकार झालेले. पिपिन एकदा त्यांना म्हणाले, "एड, मी थोर का आहे ठाऊक आहे का?" आणि स्वतःच उत्तर दिले, की मी उगाच काहीबाही रचत नाही, जे जसे आहे आणि मला जसे दिसते, तसेच्या तसे रंगवतो. सिंहाशेजारी कोकरू बसवणारा आणि एका आभाळावर तीन वर्षे घालवणारा माणूस हे बोलतो आहे. मला यात बढाई दिसत नाही आणि भाबडेपणा तर त्याहून नाही. त्या संग्रहालयातल्या बाई पुन्हा भेटण्याची शक्यता नाही; पण भेटल्याच, तर मी त्यांच्याशी शिक्षणाबद्दल वाद घालणार नाही, नागासाकीच्या तारखेचे ते चित्र तेवढे दाखवीन आणि झाडीत किती सैनिक दिसतात ते मोजायला सांगीन.